कोटणिसांचे नाव आणि बासूंची सुई

चामराजपेट ही बंगळूरची आखून वसविलेली पेठ. १८९२ साली म्हैसूर संस्थानाने जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस हिचे रस्ते पाडले, उभ्या-आडव्या रस्त्यांना क्रमांक दिले आणि चामराज वडेयर महाराजांचे नाव तिला दिले. एका अंगास मिंटो नेत्र रुग्णालय, त्याच्या पुढे व्हिक्टोरिया रुग्णालय, पलीकडे कृष्णराजेंद्र मार्केटची अष्टौप्रहर वर्दळ आणि दुसऱ्या अंगास कन्नड साहित्य परिषदेची वास्तू, अशा शेजारात आमचे बदलीचे बिऱ्हाड आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव, हे इतिहासात वाचलेले वाक्य येथे येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यात दहादा उच्चारतो आणि पुढे विसरतो. आम्हीही विसरलो होतो. इतिहासाची आठवण आम्हांस झाली ती एका निराळ्याच निमित्ताने. पावसाळ्यात दारच्या ओल्या पायरीवरून आमचा डावा पाय सरकला आणि घोटा मुरगळला.

शेजाऱ्यांनी आम्हांस पेठेतल्याच एका ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात नेले. सुया टोचून कळ घालविणाऱ्या विद्येविषयी आमचे मत फारसे अनुकूल नव्हते. परंतु ज्याला पाय टेकता येत नाही त्याच्या मतास विचारतो कोण? दवाखाना लहान आणि गर्दी मोठी. बाकावर मार्केटातले दोन हमाल कंबर धरून बसले होते. एका रिक्षावाल्याची मान एका बाजूस वळत नव्हती. झाडूकाम करणारी एक बाई उजवा खांदा डाव्या हाताने सावरून उभी होती. आत पडद्यांनी विभागलेल्या आठ खाटा होत्या. डॉक्टर एकटेच होते, मदतीस एक मुलगी आणि तिच्या हाती गजराचे घड्याळ. एका खाटेवर सुया टोचून झाल्या की त्या वीस-पंचवीस मिनिटे तशाच ठेवावयाच्या, तेवढ्या अवधीत डॉक्टरांनी पुढल्या खाटांकडे वळावयाचे, आणि वेळ भरली की मुलीने हाक द्यावयाची, असा क्रम चालला होता. त्यामुळे एका माणसाच्या हातून एका वेळी सात-आठ जणांवर उपचार होत होते. गर्दीच्या दवाखान्यास ही पद्धत का मानवते, हे आम्हांस पाहताक्षणी उमगले.

डॉक्टरांनी सुईला हात लावला नाही. प्रथम त्यांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडे मागच्या कडेने दाबून पाहिली, चार पावले टाकावयास सांगितले, ती टाकता येईनात हे पाहिल्यावर एक्स-रे काढून आणावयास पाठविले. "कळ थांबविणे सोपे आहे," ते म्हणाले. "पण कळ थांबली म्हणजे हाड सांधले असे होत नाही. मोडक्या पायावर तुम्ही सुखाने चालू लागलात तर तो माझा अपराध." हाड शाबूत निघाले. मग घोट्याच्या बाहेरच्या खळग्यात एक, घोटा आणि टाचेची शीर यांच्या मधोमध एक, आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूस एक, अशा केसापेक्षा थोड्याच जाड सुया त्यांनी टोचल्या. प्रत्येक सुई नव्या पाकिटातून निघाली आणि काम झाल्यावर डब्यात टाकली गेली. टोचणी जाणवली नाही. क्षणभराने तेथे एक जडपणा मात्र आला, जणू कोणी अंगठ्याने दाबून धरले आहे. तो जडपणा यावा असाच वैद्याचा प्रयत्न असतो, असे पुढे कळले.

खाटेवर पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवर आमची दृष्टी गेली. गणवेशातल्या एका तरुणाचा जुना फोटो तेथे होता. चेहरा ओळखीचा वाटला आणि लगेच ओळख पटलीही. आमचे गाव सोलापूर. डॉक्टरांनी आमची नजर हेरली आणि विचारले, "इवरु निम्म ऊरिनवरु अल्वा?" हे तुमच्याच गावचे ना? आम्ही अभिमानाने म्हणालो, "होय, डॉक्टर कोटणीस. ह्यांनीच तर ही विद्या चीनमधून आपल्याकडे आणली!"

डॉक्टर हसले. "नाही. ह्यांनी काहीच आणले नाही. हे परतच आले नाहीत. आणणारे दुसरे होते."

आम्ही हिशेबखात्यातले कारकून. एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली पडली, तर एकूण बेरीज बरोबर येते, तरीही हिशेब चुकीचाच असतो. आपल्या गावच्या थोर पुरुषाच्या खात्यावर आम्ही जन्मभर दुसऱ्याची जमा दाखवीत आलो होतो. बरे वाटल्यावर आम्ही तो हिशेब नीट मांडावयास बसलो. तो वाचकांपुढे ठेवतो.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर उघड आक्रमण केले. चिनी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्य मागितले. सुभाषबाबू १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला हाक दिली, निधी जमला, आणि सप्टेंबरच्या आरंभी मुंबई बंदरातून पाच डॉक्टरांचे पथक निघाले. प्रमुख होते स्पेनच्या यादवी युद्धात शुश्रूषा करून आलेले डॉ. अटल. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बासू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. म्हणजे पाचांत दोघे मराठी. चोळकरांचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला आणि उत्तराने लाजलो.

पथक कँटन, हँको, चुंगकिंग असे सरकत १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोचले. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. परत जाण्यास कोणी त्यांना दोष दिला नसता. ते गेले नाहीत. पुढे एकेक सहकारी परतले. बासू येनानच्या रुग्णालयात राहिले आणि कोटणीस जपानी फळीच्या मागे, शान्सी-चाहार-होपेई सीमाप्रदेशात, रणांगणाच्या तोंडाशी गेले. १९४० च्या एका लढाईत तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांनी एकदा बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, अशी हकीकत सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ च्या नोव्हेंबरात वारले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक १९४१ च्या जानेवारीत कोटणीस झाले. तेथेच शिकविणाऱ्या क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. फेफऱ्याचे झटके त्यांना आधीपासून येत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस.

ह्या सर्व हकिकतीत सुई कोठे आहे? आम्ही ती शोधली. सापडले ते शस्त्र, टाके आणि अपुरी औषधे. कोटणीस पाश्चात्त्य पद्धतीचे शल्यवैद्य होते, आणि त्या रुग्णालयात त्यांनी शल्यविद्याच शिकविली. तीही चिनी भाषेत.

वाचकांस नवल वाटेल, पण त्या काळी खुद्द चीनमध्येही सुईला फारसा मान उरला नव्हता. सुईची विद्या प्राचीन हे खरे. ख्रिस्तपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' ह्या ग्रंथात तिचे शास्त्र मांडलेले आहे. परंतु १८२२ साली चिनी बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती काढून टाकली. १९२९ साली तर तत्कालीन सरकारपुढे सारे देशी वैद्यकच बंद करण्याचा ठराव आला आणि वैद्यांच्या मोठ्या विरोधानंतर तो बारगळला. सुई खेड्यापाड्यांत, फिरत्या वैद्यांच्या झोळीत उरली. १९४४ च्या ऑक्टोबरात माओ त्से-तुंग यांनी येनान येथील भाषणात नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांशी हातमिळवणी करावी असे सांगितले. औषधे मिळत नव्हती, नवशिक्षित डॉक्टर मूठभर होते. त्यानंतर चू ल्येन ह्या स्त्री-डॉक्टरने जुन्या वैद्यांची सुई हाती घेतली आणि १९५१ साली नव्या ॲक्युपंक्चरवर पुस्तक लिहिले. माओंचे हे भाषण झाले तेव्हा कोटणिसांना जाऊन जवळजवळ दोन वर्षे लोटली होती, आणि बासूही १९४३ साली स्वदेशी परतले होते.

मग सुई भारतात आली कशी? १९५८ साली बासू पुन्हा चीनला गेले. ज्या नव्या चीनने आपल्या जुन्या विद्येस पुन्हा जवळ केले होते, त्या चीनमध्ये त्यांनी ती विद्या शिकून घेतली आणि १९५९ पासून कलकत्त्यात ते रोग्यांस सुया टोचू लागले. वीस वर्षांमागे शस्त्र घेऊन गेलेला डॉक्टर सुई घेऊन परतला, ही घटना साधी नव्हे. तीनच वर्षांनी, १९६२ साली, हिमालयात युद्ध झाले. ज्या काळात चीनचे नाव उच्चारणे कठीण, त्या काळात चिनी सुई भारतीय माणसाच्या अंगात टोचणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. बासूंनी सुई खाली ठेवली नाही. ते अखिल भारतीय डॉ. कोटणीस स्मारक समितीचे अध्यक्ष होते, आणि ह्या समितीच्या आश्रयाने बंगालमध्ये ॲक्युपंक्चरचे दवाखाने आणि शिक्षण चालू राहिले. सोबत्याचे नाव त्यांनी आपल्या विद्येच्या दारावर लावले. लुधियान्यातही कोटणिसांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. आमची चूक कोठून उद्भवली ते आता स्पष्ट झाले. पाटीवर कोटणीस, आत सुई. पाहणाऱ्याने दोन्ही एकत्र जोडले.

बासू १९८६ साली निवर्तले. पुढची नोंद आमच्या ओळखीच्या, म्हणजे सरकारी भाषेतली आहे. पश्चिम बंगालने १९९६ साली ह्या पद्धतीचा स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारने २००३ च्या नोव्हेंबरात तिला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. म्हणजे कोटणिसांच्या महाराष्ट्राने बंगालनंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

येथे आणखी एका चुकीच्या जमेचा उल्लेख केला पाहिजे. ही विद्या मुळात आपलीच, सुश्रुताची मर्मे म्हणजेच चिनी बिंदू, असे आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. सुश्रुतसंहितेत एकशे सात मर्मे सांगितली आहेत हे खरे. पण ती कशासाठी? शस्त्र चालविताना वैद्याने ती सांभाळावीत, कारण तेथे इजा झाली तर प्राणावर बेतते किंवा अंग लुळे पडते, यासाठी. टाळण्याच्या जागांची यादी ती टोचण्याच्या जागांची यादी कशी होईल? सुश्रुत एवढा मोठा आहे की दुसऱ्याची जमा त्याच्या खाती ओढण्याचे कारण नाही.

जो न्याय माणसांस, तोच सुईस लावला पाहिजे. सुईच्या खाती जे जमा दाखविले जाते ते सारे तिचे आहे काय? १९७१ च्या जुलैत जेम्स रेस्टन हे न्यूयॉर्क टाइम्सचे नामांकित पत्रकार पेकिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ काढावे लागले. त्यांनी लिहिलेल्या लेखाने सुईचे नाव अमेरिकेत घरोघर झाले, आणि सुईच्या बळावर भूल न देता त्यांचे पोट कापले, अशी कथा पसरली. रेस्टन यांनी तसे लिहिलेच नव्हते. शस्त्रक्रिया नेहमीच्या इंजेक्शनाने भूल देऊन झाली. नंतर पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटू लागले, त्यावर सुया टोचल्या आणि आराम पडला, एवढेच त्यांनी सांगितले होते.

त्यानंतर शास्त्रज्ञांनी सुईकडे गंभीरपणे पाहिले. पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते आणि दुसऱ्या संवेदना ते लोटू शकतात, असा सिद्धांत मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलाच होता. १९७७ च्या सुमारास असेही दिसून आले की, अफूचा परिणाम पुसून टाकणारे औषध दिले तर सुईने आलेला बधिरपणाही पुसला जातो. म्हणजे सुई शरीरातलेच एखादे वेदनाशामक जागे करीत असावी. पण पुढल्या चाचण्यांनी उत्साहास लगाम घातला. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर सुईने शेकडा ४७.६ जणांस गुण आला आणि नेहमीच्या उपचारांनी शेकडा २७.४ जणांस. सुईचा विजय झालाच म्हणावयाचा. परंतु तिसऱ्या गटास भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांतही शेकडा ४४.२ जणांस गुण आला! याचा अर्थ बिंदूंचे प्राचीन नकाशे जेवढे अचूक सांगितले जातात तेवढे नसावेत, आणि टोचणी, विसावा, कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव, यांचाही वाटा मोठा असावा.

आमच्या घोट्याच्या अधिक जवळची चाचणी मेलबर्नची. तेथील चार रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत, म्हणजे गर्दीच्या गर्दीत, मुरगळलेला घोटा, अचानक भरलेली कंबर किंवा अर्धशिशी घेऊन आलेल्या ५२८ रोग्यांवर ती झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झाली. कोणास सुया, कोणास औषधे, कोणास दोन्ही. कंबर आणि घोटा यांच्या दुखण्यात तिन्ही गट सारखेच ठरले. आणि हेही नमूद करावयास हवे की, पहिल्या तासात एकाही गटात शेकडा चाळीस जणांससुद्धा पुरेसा आराम पडला नव्हता. तात्पर्य, सुई ही औषधाच्या तोडीची आहे, चमत्काराच्या तोडीची नव्हे. ज्यास वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत, त्याच्या दृष्टीने एवढेही पुष्कळ आहे.

आमच्या पायाची हकीकत ह्या आकड्यांशी जुळते. पहिल्या दिवशी आलो तेव्हा पाय टेकत नव्हता, निघालो तेव्हा लंगडत का होईना चालत निघालो. रात्री ठणका परतला. चार खेपा झाल्या आणि दर खेपेस तो थोडा कमी परतला. सूज मात्र आपल्याच वेळेने, तीन आठवड्यांनी, उतरली. सुया नसत्या तर पाय बरा झाला नसता काय? झाला असता. पण ते तीन आठवडे कसे गेले असते, हा प्रश्न ज्याचा पाय त्यानेच विचारावा. बाकावरच्या हमालांचे तर पोट पाठीवर. कंबर दोन दिवस आधी वाकू लागली तर त्यांची दोन दिवसांची मजुरी वाचते. त्यांना बिंदूंच्या नकाशाशी कर्तव्य नाही.

शेवटच्या खेपेस आम्ही डॉक्टरांस विचारले, "सुई आणली बासूंनी, मग भिंतीवर बासूंचा फोटो का नाही?"

ते म्हणाले, "माझे गुरू कलकत्त्यास शिकले. त्यांच्याही भिंतीवर हाच होता. बासूंना आपल्यापेक्षा सोबत्याचा फोटो लावणे आवडले असावे. आम्ही कशाला बदलावा?"

ह्या उत्तराने आमच्या हिशेबाची शेवटची ओळ पुरी झाली. कोटणिसांच्या खाती सुई नाही आणि तिची त्यांना गरजही नाही. बासूंच्या खाती सुई आहे, आणि तिच्याबरोबर सोबत्याचे नाव पुढे करण्याचे औदार्य आहे. चोळकरांच्या खाती आपण काहीच लिहिले नाही. ते आपल्याकडून येणे आहे.

सोलापूर सोडून गेलेला तो तरुण कायमचा परमुलखात राहिला, तेथील भाषा शिकला आणि त्या भाषेत त्याने जखमी शिपायांची दुखणी ऐकली. आमच्यासारख्या तीन-चार वर्षांनी बदलून जाणाऱ्या माणसास त्याच्याशी बरोबरी करावयाची नाही. परंतु पहिल्या दिवशी त्या खाटेशी वाकून डॉक्टरांनी विचारले होते, "एल्लि नोवु?" कोठे दुखते? बंगळुरात तीन वर्षे काढूनही आम्ही तेव्हा नुसते बोट दाखविले होते. चौथ्या खेपेस त्यांनी पुन्हा तेच विचारले. आम्ही कन्नडमध्ये सांगितले, की आता फारसे दुखत नाही, फक्त जिना उतरताना. ते ऐकून त्यांनी एक सुई कमी टोचली.